खांबेट्यांच्या घरी कपडे वाळतात

लंडनजवळच्या हाउन्सलोतल्या खांबेट्यांच्या घरात ऑक्टोबर ते एप्रिल पाहुण्याला बसायला जागा नसे, कारण सगळीकडे आधीच कपडे बसलेले असत. रेडिएटरवर टॉवेल, जिन्याच्या कठड्यावर चादरी, प्रत्येक दाराच्या डोक्यावर हँगरला टांगलेले शर्ट, आणि बाहेरच्या खोलीत, सोफा आणि टीव्हीच्या बरोबर मधे, कपडे वाळत घालायचा तीन मजली स्टँड. बातम्या बघायच्या तर एका पायजम्याच्या दोन पायांमधून बघाव्या लागत. सकाळी वाळत घातलेला मोजा दुपारी चाचपला तर तो सकाळपेक्षा ओला लागे. खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळायचं आणि चैत्राली, म्हणजे खांबेट्यांची सतरा वर्षांची मुलगी, त्या काचांवर बोटाने गणितं सोडवायची.

या घराचे कर्ते पुरुष ज्ञानेश्वर खांबेटे हे विमानतळावर बॅगांच्या विभागात इंजिनियर. माणूस कशालाच घाबरत नाही. "रोज हजारो बॅगा माझ्या पट्ट्यांवरून जातात, इकडची तिकडे होत नाही," असं ते कुठल्याही विषयावर बोलताना सांगत. त्यावर चैत्राली म्हणे, "पण बाबा, तुझी दोन पाय मध्ये दोन वेगळी मोजे आहे." मुलीचं मराठी असं असलं तरी निरीक्षण चोख होतं, म्हणून ज्ञानेश्वरराव तिचं फक्त व्याकरण सुधारत आणि मोज्यांच्या विषयाला हात लावत नसत.

तर झालं असं, की फेब्रुवारीतल्या एका रविवारी महाराष्ट्र मंडळाच्या मालविकाताईंचा फोन आला. मंडळातल्या बायकांचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू दर वर्षी एकीच्या घरी असतं. ज्ञानेश्वरराव ओल्या चादरीमागे बसून चहा पीत होते. चादरीपलीकडून स्वातीचा आवाज आला, "अय्या, यंदा ना? अहो ताई, आमच्याकडे नेमकं रंगकाम काढलंय हो."

बोलणं संपलं. ज्ञानेश्वररावांनी चादर बाजूला केली. स्वाती फोन हातात धरून तशीच उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

"रंगकाम कुठलं?" त्यांनी विचारलं.

"सहा वर्षं हेच सांगतेय," स्वाती म्हणाली. "सगळ्यांच्या घरी जाते, डाळ खाते, पन्हं पिते, ओटी घेऊन येते. माझ्या घरी सहा वर्षांत एक बाई आलेली नाही. बोलवू कुठे? या पायजम्याखाली बसवू? मला माणसं आवडतात हो! आणि त्यांना वाटत असेल, खांबेटे काय राजवाडा रंगवतायत की काय."

ज्ञानेश्वररावांना आत कुठेतरी चांगलंच लागलं. बायको हॉस्पिटलच्या लॅबमधे दिवसभर उभी राहते, घरी येऊन ओल्या कपड्यांत वावरते, आणि आपण पायजम्यातून बातम्या बघतो. त्यांनी तिच्या हातातून फोन घेतला आणि मालविकाताईंना उलटा लावला. "ताई, खांबेटे बोलतोय. रंगकाम रद्द. एप्रिलचा शेवटचा शनिवार, आमच्याकडे. सगळ्यांनी यायचं."

"अहो, आणि हे कपडे?" स्वाती ओरडली.

"त्या दिवशी या खोलीत ओला कपडा औषधालासुद्धा सापडणार नाही. शब्द देतो."

"बघा हं. नाही जमलं तर मी एकेकीला फोन करून नाही म्हणून सांगेन, आणि त्यानंतर या घरात कुणाला बोलवायचा विषय मी आयुष्यात काढणार नाही."

ती हे ओरडून म्हणाली असती तर एवढं काही वाटलं नसतं. पण ती अगदी हळू म्हणाली.

ड्रायर घ्यायचा हे तर उघडच होतं. पण कुठला, यावर ज्ञानेश्वररावांनी तीन रविवार घालवले. त्यांनी एक तक्ता केला, त्यात चौदा रकाने होते, आणि शेवटच्या रकान्याचं नाव होतं 'एकंदर भारदस्तपणा'. तक्ता करतोय हे कळल्यावर सल्ले आपोआप यायला लागले. पुण्याहून नोकरीसाठी आलेला अतुल म्हणाला, "ज्ञानेश्वरदादा, सरळ हीट पंपवाला विजेचा घ्या. प्लग लावला की सुरू." पण नुसता प्लग लावून सुरू होणाऱ्या वस्तूला इंजिनियर कशाला हवा, असं दादांना वाटलं. शेजारच्या मॉरीनबाई, वय अठ्ठ्याहत्तर, मूळच्या आयर्लंडच्या, त्यांनी कुंपणावरून सांगितलं, "मशीन कशाला? दोरी आहे, वारा आहे." त्या हे बोलत असताना बारीक पाऊस पडत होता आणि त्या आपल्या उशांचे अभ्रे तिसऱ्यांदा आत नेत होत्या.

अखेर ज्ञानेश्वररावांना गॅसवर चालणारा ड्रायर सापडला. असा ड्रायर ओळखीत कुणाकडेच नव्हता, हा त्याचा पहिला गुण. तो निम्म्या वेळात कपडे वाळवतो, हा दुसरा. आणि मुख्य म्हणजे गॅस! "गॅसशी आपलं लहानपणापासूनचं नातं," ते स्वातीला म्हणाले. "नागपूरला आमच्या आळीतल्या चार घरांचे सिलिंडर मी बदलायचो. कान लावून गळती ओळखायचो."

"इथे सिलिंडर नाहीये. भिंतीतून येतो."

"आला कुठून का असेना, गॅस तो गॅस."

आणि अतुल आठवड्यासाठी पुण्याला निघाला होता, त्याला यांनी गुपचूप एक यादी दिली. अतुल परत आला तेव्हा त्याच्या बॅगेत चकलीच्या डब्याशेजारी दीड मीटर नारिंगी रबरी नळी, दोन क्लिपा आणि एक रेग्युलेटर होता. ज्ञानेश्वररावांनी ती नळी हातात वाकवून बघितली आणि समाधानाने कपाटात ठेवली.

मशीन मार्चअखेरीला आलं. आणणाऱ्या दोघांनी ते बाहेरच्या खोलीत सोफ्यासमोर उभं केलं, सही घेतली आणि सांगितलं की जोडणं हे आमचं काम नाही. खोका एवढा मोठा होता की तीन मजली स्टँड खिडकीशी सरकवावा लागला आणि आता बातम्या दिसायच्याच बंद झाल्या. संध्याकाळपर्यंत खोक्यावर चैत्रालीचा खेळाच्या तासाचा टीशर्ट वाळत पडलेला होता. दुसऱ्या दिवशी त्यावर चादर आली. तिसऱ्या दिवशी स्वाती म्हणाली, "वा! मशीनवर कपडे छान वाळतायत हं," आणि आत निघून गेली. ज्ञानेश्वररावांनी त्या दिवशी जेवताना आमटी परत मागितली नाही.

नळी स्वतः जोडायचा बेत चैत्रालीने उधळला. तिने फोनवर काहीतरी वाचून दाखवलं आणि म्हणाली, "बाबा, हे इल्लीगल आहे. रजिस्टर्ड इंजिनियर लागतो. तू जेलमधे गेला तर हळदीकुंकूला कोण येणार?" त्यामुळे नोंदणीवाला इंजिनियर शोधणं आलं. चार जणांनी गॅसचा ड्रायर म्हटल्यावर फोनवरच 'काय?' म्हणून विचारलं. पाचवा ग्लेन. तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आला, आपलं कार्ड दाखवलं आणि ज्ञानेश्वररावांनी अभिमानाने पुढे केलेली नारिंगी नळी त्याने दोन बोटांत धरून वर उचलली.

"हे काय?"

"गॅसची नळी. भारतातून मागवलीय. फार मजबूत."

"छान आहे," ग्लेन म्हणाला. "पुन्हा कपाटात ठेवा. आणि कपाटाला कुलूप लावा."

पुढे खरी अडचण आली. या ड्रायरची गरम, दमट हवा बाहेर टाकावी लागते, त्यासाठी बाहेरच्या भिंतीला मनगट जाईल एवढं भोक पाडावं लागतं. स्वयंपाकघरामागच्या छोट्या खोलीत गॅसचा पाइप होता, बाहेरची भिंत होती, सगळं होतं. ग्लेनने भिंतीवर टकटक केलं आणि पेन्सिलीने एक गोल काढायला हात उचलला.

"थांबा!" स्वाती दारातून ओरडली.

त्या भिंतीशी खांबेट्यांचं देवघर होतं. आणि आठवडाभरापूर्वीच, चैत्र तृतीयेला, पितळी झोपाळ्यात गौर बसली होती. तिच्यासमोर हरभरे होते, डाळ होती, चैत्रालीने काढलेलं चैत्रांगण होतं, त्यातलं कासव जरा बेडकासारखं दिसत होतं एवढंच. चैत्रगौर महिनाभर बसते. अक्षय्य तृतीयेपर्यंत उठत नाही.

"यांना थोडं सरकवलं तर?" ग्लेनने विचारलं.

"त्या महिनाअखेरीपर्यंत इथेच बसणार," ज्ञानेश्वरराव गंभीरपणे म्हणाले. "हलवता येत नाही."

ग्लेनने आयुष्यात भाड्याच्या घरांची कामं बरीच केली असावीत. त्याने तितक्याच गंभीरपणे मान हलवली. "एकदा बसल्या की कायद्याने अवघडच असतं," तो म्हणाला.

उरली बाजूची भिंत. ती अगदी हद्दीवर. पलीकडे मॉरीनबाईंचा बोळ आणि तिथेच त्यांची कपड्यांची दोरी. भोकाचं तोंड बाईंच्या हद्दीत जाणार. ज्ञानेश्वररावांनी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन लावला. पंचेचाळीस मिनिटं संगीत ऐकलं, तीन खात्यांत फिरले, आणि तिसऱ्या खात्यातल्या बाईंनी सांगितलं की भोक आमच्या अखत्यारीत येत नाही, तुम्ही शेजाऱ्यांशी बोला. शेजारी सहा फुटांवर होत्या आणि इतका वेळ कुंपणावरून ऐकत होत्या.

तरी ज्ञानेश्वररावांनी रीतसर अर्ज लिहिला. दोन पानी. आकृती जोडली, बेसनाचे लाडू घेतले आणि बेल वाजवली. मॉरीनबाईंनी एक लाडू खाल्ला, आकृती उलटी धरून बघितली आणि म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही धंदा वाढवताय?"

"कसला धंदा?"

"लाँड्रीचा. सहा वर्षं बघतेय, तुमच्या काचांवर नेहमी वाफ, आत कपडेच कपडे. मी कुणाला कळवलं नाही हो. माणसं चांगली आहेत, चालवू दे म्हटलं."

 नागपूरच्या खांबेट्यांच्या चार पिढ्यांत कुणाला असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी आपली पदवी, आपला हुद्दा, रोजच्या बॅगांचा आकडा, सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसरा लाडू उचलला. परवानगी द्यायला त्या तयार होत्या. अटी दोनच होत्या. गरम हवा त्यांच्या दोरीच्या उंचीवर यायला हवी, आणि महिनाअखेरच्या शनिवारी जे काही आहे त्याला त्यांना बोलवायला हवं. "गल्लीत एवढ्या गाड्या लागणार म्हणजे कशासाठी ते मला कळायला नको?"

ग्लेनला मोकळा दिवस मिळाला तो थेट आदल्या दिवशीचा, शुक्रवारचा. भिंतीला भोक पडलं, पाइप जोडला, दाब तपासला, कागद भरला. दुपारी चार वाजता ग्लेनने सांगितलं, "झालं. चालवा."

"चालवा कसं?" ज्ञानेश्वरराव म्हणाले. "पूजा नको?"

हा क्षण त्यांच्या मनात दोन महिने घोळत होता. स्वाती उद्याच्या डाळीसाठी कैऱ्या किसत होती, तिने हात न थांबवता तबक दाखवलं. ज्ञानेश्वररावांनी मशीनच्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, उंबऱ्यावर नारळ फोडला, ग्लेनच्या कपाळावर टिळा लावला. ग्लेन बिचारा खोबऱ्याचा तुकडा धरून उभा राहिला. एवढ्यावर थांबले असते तर ते ज्ञानेश्वरराव कसले? बाहेरून वाहून काय उपयोग, काम तर आत होतं, असा विचार करून त्यांनी ड्रमचं दार उघडलं आणि भल्या मोठ्या वाटीतलं हळदकुंकू अक्षतांसकट, हात आखडता न घेता, आत उधळलं.

मग ग्लेनला पोचवायला ते दारापर्यंत गेले. जाताना त्यांना वाटलं, आतलं स्वाती पुसून घेईल. स्वातीला आत काही आहे हेच माहीत नव्हतं. तिने धुतलेल्या चार पांढऱ्या शुभ्र चादरी, उद्या बायकांना बसायला घालायच्या, उचलून मशीनमधे टाकल्या आणि दार लावलं.

मशीन फार सुंदर चाललं, हे कबूल करायला हवं. आत अक्षता खुळखुळत होत्या, बाहेर बोळात मॉरीनबाई गरम हवेसमोर आपले अभ्रे धरून उभ्या होत्या. चाळीस मिनिटांत चादरी खडखडीत वाळल्या. स्वातीने दार उघडलं.

त्या चादरी पिवळ्या होत्या. नुसत्या पिवळ्या नाहीत. मधे मधे साबण राहिला होता तिथे हळद लाल झाली होती, त्यावर कुंकवाचे गुलाबी ढग, आणि प्रत्येक घडीत तांदूळ.

"अहो," स्वाती म्हणाली, "हे काय केलंत?"

"वाळल्या मात्र आहेत," ज्ञानेश्वरराव म्हणाले.  मग ते खाली बसले आणि म्हणाले, "चुकलं माझं, स्वाती. खरंच चुकलं. तू फोन कर सगळ्यांना."

स्वातीने त्यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात आपल्या नवऱ्याने एखाद्या गोष्टीला चुकलं म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. तिने बाहेरच्या खोलीत नजर टाकली. खोका गेला होता. स्टँड गेला होता. रेडिएटर चक्क दिसत होता, आणि तो पांढरा आहे हेही तिला नव्यानेच कळलं. ओला कपडा खरंच कुठे नव्हता.

"फोन कशाला?" ती म्हणाली. "याच घालू."

शनिवारी अर्थातच कडकडीत ऊन पडलं. सबंध हाउन्सलोने कपडे बाहेर घातले होते. "आज काय झकास वाळतंय!" मॉरीनबाईंनी कुंपणावरून सांगितलं, आणि ज्ञानेश्वररावांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

दोनच्या पुढे बायका यायला लागल्या. बत्तीस जणी आल्या. ज्ञानेश्वरराव स्वयंपाकघरात पन्हं ओतत होते आणि त्यांचे कान बाहेरच्या खोलीत होते. मालविकाताई आल्या. मंडळात त्यांच्या घराचं नाव निघालं की बायका आवाज खाली आणत, इतकं ते घर लखलखीत. त्या चादरीवर बसल्या, बोटाने डाग चाचपला, एक तांदूळ उचलला आणि म्हणाल्या, "स्वाती, हा रंग कुठला गं?"

 ज्ञानेश्वररावांनी पन्ह्याचं भांडं खाली ठेवलं. आता ती काहीतरी सांगणार, बांधणी म्हणणार, राजस्थानी म्हणणार.

"ताई, खरं सांगू?" स्वाती म्हणाली. "आमच्याकडे रंगकाम कधी नव्हतंच. सहा वर्षं मी तुम्हाला थाप मारली. या खोलीत कपडे वाळत असायचे. बसायला जागा नव्हती आणि मला लाज वाटायची. म्हणून यांनी ड्रायर आणला, आणि ड्रायरच्या पोटात हळदकुंकू वाहिलं."

 मग मालविकाताईंनी हातातला तांदूळ खाली ठेवला.

"मागच्या वर्षी तुम्ही सगळ्या माझ्याकडे आला होतात ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा माझे ओले कपडे गाडीच्या डिकीत होते. सात पिशव्या. तुम्ही सहाला गेलात, आम्ही आठपर्यंत डिकी रिकामी करत होतो. महिनाभर गाडीला वास येत होता."

आणि मग जे हसणं फुटलं! एकीच्या बाथटबमधे होते. एकीने पोटमाळ्यावर कोंबले होते. वरदा म्हणून एक नवीन लग्न झालेली होती, ती ईलिंगहून आली होती. तिने फ्लॅटमधला पलंग उभा करून त्यावर कपडे घातले होते आणि नवऱ्याला जमिनीवर झोपवलं होतं. मॉरीनबाईंना कुणीतरी इंग्रजीत समजावत होतं, त्या कपाळावर कुंकू लावून पोट धरून हसत होत्या. डाळ संपली, पन्हं संपलं, झोपाळ्यातल्या गौरीला नमस्कार करून झाल्यावर प्रत्येक बाई शेजारच्या मशीनपाशी थांबली आणि दार उघडून आत वाकून बघून गेली. सात वाजले, तरी कुणी निघेना. स्वाती दारात उभी होती. तिचा असा फुललेला चेहरा ज्ञानेश्वररावांनी नागपूरच्या लग्नाच्या मांडवात बघितला होता, त्यानंतर थेट आज.

सोमवारी संध्याकाळी वरदा आली, हातात ओल्या कपड्यांची पिशवी. "काकू, एकच लोड. विचारू का नको असं झालं होतं." मंगळवारी मालविकाताई आल्या, त्यांच्या दोन पिशव्या होत्या. आठवडाअखेरीला पिशव्या अकरा झाल्या आणि कुणाचातरी पायमोजा कुणाच्यातरी उशीच्या अभ्र्यात गेला. मग मात्र ज्ञानेश्वररावांमधला इंजिनियर जागा झाला. त्यांनी प्रत्येक पिशवीला नाव, वेळ आणि क्रमांक असलेली पट्टी बांधली, बॅगांना बांधतात तशी. दारातून येणाऱ्या पिशव्या डावीकडे, वाळलेल्या उजवीकडे. त्यानंतर एकही मोजा इकडचा तिकडे झाला नाही.

मे महिन्यातल्या एका पावसाळी संध्याकाळी बाहेरच्या खोलीत चार बायका सोफ्यावर आपापला नंबर यायची वाट बघत चहा पीत होत्या. चैत्रालीने जिन्यावरून विचारलं, "बाबा, माझं ब्लेझर अजून ओली आहे. आपला नंबर कधी?"

"ओला. गुरुवारी सकाळी, सव्वासातला," ज्ञानेश्वरराव यादी बघून म्हणाले. त्यांचा स्वतःचा शर्ट दाराच्या डोक्यावर हँगरला टांगलेला होता आणि त्यातून टपटप पाणी गळत होतं. खिडकीबाहेर, गरम हवेसमोरच्या दोरीवर अभ्रा घालता घालता मॉरीनबाईंनी आत डोकावलं, पिशव्यांची रांग बघितली आणि भुवया उंचावल्या. ज्ञानेश्वररावांनी त्यांच्याकडे पाठ केली.

तेवढ्यात फोन वाजला. स्वातीने घेतला.

"छे गं! रंगकाम कसलं?" ती हसत म्हणाली. "ये की आत्ताच. माणसं आहेत घरात, मजा येईल. आणि हे बघ, येताना कपडे घेऊन ये."